ओरत्तनाडूचे छत्र ते तातडीची गर्भनिरोधक गोळी: वेळेचा आणि हक्काचा इतिहास

या पाठात आपण एका छोट्या गोळीचा इतिहास पाहणार आहोत. तातडीची गर्भनिरोधक गोळी शरीरात नेमके काय करते, ती केव्हा घ्यायची आणि कायद्याने खुली असूनही ती दुकानात का मिळत नाही, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्र देते. तिसऱ्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. म्हणून सुरुवात तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु या गावापासून करू.

1. ओरत्तनाडु आणि मुक्तांबेचे छत्र

तंजावरहून दक्षिणेकडे पट्टुकोट्टैच्या रस्त्याने निघालात की वाटेत ओरत्तनाडु लागते. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) 1802 साली येथे मुक्तांबेच्या नावाने छत्र बांधले. मुक्तांबा ही राजांची प्रिय सहचरी होती. तिच्या नावावरून या ठिकाणाला मुक्तांबाळपुरम असेही म्हटले गेले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना तंजावरच्या अशा छत्रांत जेवण व निवारा मिळे. काही छत्रांत मुलांच्या शिक्षणाची आणि आजाऱ्यांच्या औषधपाण्याचीही सोय असे.

या छत्रांविषयी एक महत्त्वाचे साधन आपल्याला उपलब्ध आहे. 1801 साली सरफोजीराजांनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचा कारभार आपल्याकडेच ठेवण्याची विनंती केली. छत्रात आलेल्या गरोदर स्त्रीची देखभाल होते, बाळंतपणाचा खर्च छत्र करते आणि बाळंतिणीला त्यानंतर तीन महिने राहू दिले जाते, असे राजांनी त्यात सांगितले आहे.

हे साधन वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पत्र ओरत्तनाडूचे छत्र बांधण्याच्या आधीचे आहे. त्यातील वर्णन जुन्या छत्रांचे आहे, ते मुक्तांबेच्या छत्राला जसेच्या तसे लावता येत नाही. दोन, पत्र लिहिणाऱ्याला छत्रे आपल्या हाती ठेवायची होती, त्यामुळे तो चांगली बाजू मांडणार हे उघड आहे. तरीही एक गोष्ट निश्चित कळते: वाटसरू स्त्रीचे बाळंतपण ही राज्याची जबाबदारी आहे, असा दावा 1801 मध्ये तंजावरात अभिमानाने करता येत होता.

आता पत्रात काय नाही ते पाहा. दिवस गेल्यावर स्त्रीची काळजी घ्यायची, हे त्यात आहे. दिवस जाऊ द्यायचे की नाही, हे तिने ठरवावे, हा विचार त्यात नाही. तो सार्वजनिक चर्चेत यायला आणखी सव्वाशे वर्षे लागली.

2. संततिनियमनाची चर्चा: मुंबई आणि मद्रास

1921 साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

याच काळात तमिळ प्रदेशात पेरियार ई. वे. रामसामी आपल्या ‘कुडी अरसु’ या पत्रातून संततिनियमनाचा पुरस्कार करत होते. त्यांचा युक्तिवाद वेगळा होता. इतर लोक आईच्या प्रकृतीसाठी, कुटुंबाच्या मिळकतीसाठी किंवा देशाच्या लोकसंख्येसाठी संततिनियमन मागतात. आपण ते स्त्रीच्या स्वातंत्र्यासाठी मागतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा फरक लक्षात ठेवा. तो पुढे उपयोगी पडेल.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. तमिळनाडूने त्यात मोठे यश मिळवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019 ते 2021) राज्याचा एकूण जननदर 1.8 इतका आढळला. मात्र या यशाचा मुख्य आधार स्त्रियांची नसबंदी हा होता. म्हणजे लग्न झालेली, मुले झालेली आणि आता नको म्हणणारी स्त्री ही या कार्यक्रमाच्या डोळ्यांसमोर होती. जिला आज मूल नको पण पुढे हवे असेल, जिचे लग्न झालेले नाही किंवा जिच्यावर जबरदस्ती झाली आहे, ती स्त्री या चौकटीच्या कडेला राहिली. तातडीच्या गोळीची गरज बहुधा तिलाच पडते.

3. गोळी कशी घडली

1960 च्या दशकात नेदरलँड्समधील डॉक्टरांनी बलात्कारपीडितेला गर्भ राहू नये म्हणून इस्ट्रोजेन या संप्रेरकाची मोठी मात्रा दिली. या उपायाने मळमळ व उलट्यांचा फार त्रास होई. 1974 मध्ये कॅनडाचे डॉ. आल्बर्ट युझ्पे यांनी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन यांची एकत्रित, कमी मात्रेची पद्धत मांडली. 1998 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सुमारे 2000 स्त्रियांवरील या चाचणीत फक्त लेव्होनॉरजेस्ट्रेल घेणाऱ्यांपैकी 1.1 टक्के, तर युझ्पे पद्धत वापरणाऱ्यांपैकी 3.2 टक्के स्त्रियांना गर्भ राहिला. नव्या गोळीने मळमळही कमी झाली. आज भारतात सर्वत्र परिचित असलेली गोळी म्हणजे 1.5 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, एकच मात्रा.

4. गोळी शरीरात काय करते

संबंध आला त्याच क्षणी गर्भ राहतो, असा अनेकांचा समज असतो. तसे नसते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बीजकोशातून बाहेर पडलेले स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस टिकते. म्हणून अनेकदा शुक्राणू आधी पोहोचतात आणि बीजाची वाट पाहतात. गोळी या मधल्या वेळेत काम करते. बीज बाहेर पडण्याचा इशारा देणारे संप्रेरक रक्तात उसळण्याआधी गोळी घेतली, तर बीज बाहेर पडणे लांबते किंवा थांबते. तोपर्यंत शुक्राणू मरून जातात आणि फलन होत नाही.

यावरून तीन निष्कर्ष निघतात.

• बीज आधीच बाहेर पडले असेल, तर गोळीचा उपयोग होत नाही. म्हणून ती शंभर टक्के खात्रीची नाही.

• गोळी जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. 1998 च्या चाचणीत पहिल्या 24 तासांत गोळी घेतल्यास संभाव्य गर्भधारणांपैकी 95 टक्के टळल्या. 25 ते 48 तासांत हे प्रमाण 85 टक्के, तर 49 ते 72 तासांत 58 टक्के होते.

• ही गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भ रुजला असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला अपाय करते असेही आढळलेले नाही. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही वेगळी औषधे असतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसारच घ्यायची असतात.

5. केव्हा आणि कशी घ्यायची

कोणतेही साधन न वापरता संबंध आला, निरोध फाटला किंवा निसटला, रोजच्या गोळ्या सलग चुकल्या, किंवा जबरदस्ती झाली, तर ही गोळी घ्यावी. 72 तासांच्या आत घ्यावी. पाचव्या दिवसापर्यंत थोडाफार उपयोग होऊ शकतो, पण वाट पाहू नये. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा मात्रा घ्यावी लागते.

मळमळ, डोकेदुखी, थकवा, थोडासा रक्तस्राव असे त्रास होऊ शकतात. ते सहसा एकदोन दिवसांत थांबतात. पुढची पाळी काही दिवस पुढेमागे होऊ शकते. पाळी आठवड्याहून अधिक लांबली तर गर्भधारणेची चाचणी करून घ्या. क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा अपस्मारावरील काही औषधे चालू असतील तर गोळीचा परिणाम कमी होतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारा. गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुढे आलेल्या संबंधांपासून ती संरक्षण देत नाही. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांपासूनही नाही. त्यासाठी निरोधच हवा. पुन्हा घ्यावी लागली तर ती धोक्याची नाही, पण नेहमीच्या साधनांइतकी भरवशाचीही नाही.

पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा याहून अधिक खात्रीचा उपाय आहे आणि तो पुढे अनेक वर्षे चालतो. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिकेकडे जावे लागते.

6. खुली असूनही न मिळणारी गोळी

2005 मध्ये केंद्र सरकारने ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी दिली. 2007 नंतर तिच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर झळकू लागल्या. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमातही ती मोफत दिली जाते. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रीला ती उपलब्ध करून द्यावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

तमिळनाडूत मात्र चित्र वेगळे दिसले. चेन्नई व इतर शहरांतील औषध दुकानांत ही गोळी ठेवलीच जात नाही, अशा बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. बंदी आहे असे दुकानदार सांगत; बंदी नाही असे औषध नियंत्रण खाते सांगे. जाहिरातींवरील आक्षेप, तपासणीची धास्ती, गर्भपाताच्या गोळ्यांशी होणारी गल्लत आणि अविवाहित मुलीने ही गोळी मागण्याविषयीची नापसंती, अशी अनेक कारणे त्यामागे एकत्र आलेली दिसतात.

आता ओरत्तनाडूचा विचार करा. गावातल्या दुकानात गोळी नसेल आणि दुकानदार ओळखीचा असेल, तर मुलीला वीसपंचवीस किलोमीटरवरच्या तंजावरची बस धरावी लागेल. त्यासाठी घरी कारण सांगावे लागेल, कॉलेज बुडवावे लागेल. तिथेही पहिल्या दुकानात नकार मिळाला, तर 95 टक्क्यांचे 85 आणि 85 चे 58 होताना वेळ लागत नाही. लेखी हुकूम न काढताही हक्क असा नाकारता येतो.

7. समारोप

1801 च्या पत्रात राज्याने गरोदर वाटसरू स्त्रीला दार उघडे असल्याचे सांगितले. विसाव्या शतकातील राज्याने मुले झालेल्या स्त्रीसाठी शस्त्रक्रियेची सोय केली. दोन्ही गोष्टी मोलाच्या होत्या, पण दोन्हींत स्त्री कोणाची तरी आई म्हणूनच समोर होती. पेरियारांचा युक्तिवाद तिच्याकडे आधी व्यक्ती म्हणून पाहत होता. तातडीची गोळी दुकानात सहज मिळते की नाही, यावरून आपल्या समाजाने तो युक्तिवाद कितपत स्वीकारला हे मोजता येते.

स्वाध्याय

1. सरफोजीराजांच्या 1801 च्या पत्राचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना कोणती काळजी घ्याल?

2. तातडीची गर्भनिरोधक गोळी आणि गर्भपाताच्या गोळ्या यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.

3. कायद्यातील परवानगी आणि प्रत्यक्षातील उपलब्धता यांत अंतर का पडते? तुमच्या गावातील एखाद्या आरोग्य सेवेचे उदाहरण घेऊन चर्चा करा.