हसाजी : एका हिब्रू नावाचा मराठी मुक्काम

नोकरीनिमित्त मुलूख सोडून आलेल्या मराठी माणसाच्या नावाला पहिला धक्का बसतो तो कचेरीच्या हजेरीपटावर. कोठे त्याचे ‘राव’ गळते, कोठे आडनावातील ‘कर’ विचित्र उच्चारले जाते, तर कोठे वडिलांचे नाव मधूनच नाहीसे होते. आम्हां जबलपूरकरांना आणखी एक गंमत नित्य अनुभवास येते. येथील हिंदी बोलीत ‘जी’ हा आदराचा शब्द; तो कोणत्याही नावाला जोडावा आणि प्रसंगी काढून घ्यावा. परंतु 1798 मध्ये पेशव्यांकडून हा नर्मदाकाठ ज्यांच्याकडे आला आणि 1817 पर्यंत ज्यांच्या घराण्याकडे राहिला, त्या नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नावातील ‘जी’ असा काढून घेता येत नाही. तो नावाचाच अवयव आहे. मुधोजी, जानोजी, तानाजी, संभाजी ही सारी नावे त्याच घडणीची.

हा मराठी ‘जी’ परक्या शब्दालाही सहज चिकटतो. अहमदनगरच्या शाह शरीफ या सत्पुरुषाच्या कृपेची आठवण म्हणून मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही परंपरागत कथा सर्वश्रुतच आहे. तथापि याच ‘जी’ने एकेकाळी एका हिब्रू नावालाही मराठी करून टाकले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. ते नाव म्हणजे ‘हसाजी’. त्याचे मूळ रूप ‘यहेज्केल’.

हिब्रू भाषेत ‘हझक’ या धातूचा अर्थ बळकट असणे, आणि ‘एल’ म्हणजे देव. ‘देव बळ देतो’ असा त्या नावाचा अर्थ. ज्यू धर्मग्रंथात हे नाव विरळाच आढळते. ते धारण करणारे दोनच पुरुष तेथे दिसतात : एक पुरोहितांच्या एका वर्गाचा प्रमुख, आणि दुसरा प्रसिद्ध संदेष्टा. या संदेष्ट्याच्या नावाने जो 48 अध्यायांचा ग्रंथ आहे, त्यातही त्याचे स्वतःचे नाव अवघे दोनदा येते. असे हे नाव दुर्मिळ खरे. पण ज्याने ते गाजविले त्याचे चरित्र दूरस्थ वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावे असे आहे. इ. स. पूर्व 597 मध्ये बाबिलोनच्या सम्राटाने यरुशलेम जिंकून तेथील राजासह हजारो लोकांना आपल्या देशी नेले. त्यांत हा पुरोहितपुत्र होता. मंदिर दूर राहिले, मुलूख दूर राहिला, आणि परक्या कालव्याच्या काठी तेल-अबीब नावाच्या वसाहतीत राहून त्याने आपल्या लोकांना धीर दिला. वाळलेल्या अस्थींनी भरलेल्या खोऱ्यात पुन्हा प्राण संचारतो, हे त्याचे दर्शन प्रसिद्धच आहे. देशांतरास गेलेल्या समाजाचा हा संदेष्टा. त्याचे नाव पुढे देशांतरास गेलेल्यांनीच अधिक जपले, यात नवल नाही.

इराकमधील अल-किफ्ल या गावी त्याची म्हणून मानली जाणारी कबर आहे. तेथे ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या यात्रेस जात, आणि म्हणूनच इराकी ज्यूंत ‘हेस्केल’ हे नाव लोकप्रिय झाले. आधुनिक इराकचे पहिले अर्थमंत्री सासून हेस्केल हे त्याच परंपरेतले. पूर्व युरोपातील ज्यूंनी त्याचे ‘हास्केल’ केले. ग्रीक आणि लॅटिन भाषांतून फिरून इंग्लंडास पोहोचल्यावर ते ‘इझिकेल’ झाले. तेथील कडव्या सुधारक पंथीयांनी सतराव्या शतकात जुन्या करारातील नावांचा हौसेने स्वीकार केला, तेव्हा तेही त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेले. मध्यंतरी तेथे जुनाट वाटू लागलेले हे नाव एकविसाव्या शतकात पुन्हा उचलले गेले असून, मुलग्यांच्या पहिल्या शंभर नावांत त्याने स्थान मिळविले आहे.

आता कोकणाकडे वळू. अलिबागजवळच्या नवगावी फार पूर्वी एक गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून आपला विस्तार झाला, असे बेने इस्राएल समाज परंपरेने मानतो. कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी ही मंडळी तेल गाळण्याचा धंदा करीत राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. बोली मराठी, वेष मराठी, आडनावे गावांवरून पडलेली : दिवेकर, केहीमकर, राजपूरकर. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले. पण सुंता, शनिवारचा विसावा आणि ‘शमा’ ही एकेश्वराची प्रार्थना त्यांनी सोडली नाही. आणि सोडली नाहीत ती नावे. मात्र ती कोकणच्या तोंडी बसतील अशी घडविली. शमुवेलचा सामाजी झाला, इसहाकचा इसाजी, बन्यामीनचा बनाजी, एलियाचा एलोजी, याकोबाचा अखोबा. आणि यहेज्केलचा हसाजी.

या शेवटच्या रूपाकडे जरा बारकाईने पाहावे. आरंभीचा ‘य’ गेला. हेस्केल आणि हास्केल या रूपांतही तो गेलेलाच आहे. कंठातून येणारा ‘ह’ राहिला, ‘झ’चा ‘स’ झाला. शेवटचा ‘एल’, म्हणजे प्रत्यक्ष देवाचे नाव, गळून पडले आणि त्याच्या जागी मराठी ‘जी’ येऊन बसला. उरला तो मधला अंश, आणि तो ‘बळ’ या अर्थाच्या धातूचा. एकमेकांस न विचारता निरनिराळ्या देशींच्या आयांनी आपल्या मुलाला हाक मारताना हाच अंश राखला. आजच्या इस्राएलमध्ये यहेज्केल नावाच्या मुलाला घरी लाडाने ‘हेझी’ म्हणतात, तेही याच न्यायाने.

हे नाव इतिहासात आले ते एका पुत्राच्या नावामागे पित्याचे नाव म्हणून. सामाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील देशी अधिकारी. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या हाती सापडले. समाजात सांगितली जाणारी हकीकत अशी, की कैद्यांची जात विचारली जात असता यांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले. हे नाव कुराणात आल्याचे टिपूच्या मातेस ठाऊक होते, म्हणून तिने रदबदली केली आणि यांचे प्राण वाचले. सुटून आल्यावर त्यांनी 1796 मध्ये मुंबईस मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. तेच पुढे ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, या नावाने ओळखले जाऊ लागले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. जवळचा रस्ता मात्र ‘सॅम्युअल स्ट्रीट’ झाला. सामाजीचा सॅम्युअल कसा झाला, हीच पुढील शतकाची कथा होय.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी या समाजासाठी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. बायबलची मराठी भाषांतरे हाती आली. त्याआधीपासूनच कोचीनचे ज्यू शिक्षक कोकणात धर्मशिक्षण देत होते. आपल्या नावांची मूळ रूपे समाजाला नव्याने उमगली. त्याच काळात तरुण मंडळी पलटणीत, टपालखात्यात आणि रेल्वेत शिरली. तेथील दप्तरे इंग्रजी. हसाजीच्या नातवाचे नाव शाळेत आणि कचेरीत ‘इझिकेल’ असे लिहिले जाऊ लागले. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा जो इतिहास लिहून पुरा केला, त्यात या जुन्या-नव्या नावांची नोंद आहे. तो ग्रंथ छापला गेला 1937 मध्ये, आणि तोही तेल अवीव येथे; यहेज्केलाच्या वसाहतीचे नाव घेतलेल्या शहरी!

निसीम इझिकेल (1924–2004) या मुंबईच्या कवीच्या आडनावात हेच नाव विसावले आहे. त्यांनी काव्य इंग्रजीत लिहिले, 1983 चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळविले, आणि वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कवितांचा इंग्रजी अनुवादही केला. नाव इंग्रजी वळणाचे झाले म्हणून मराठीशी असलेला धागा तुटला नाही, याचे हे एक ठळक उदाहरण.

1948 नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथेही त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली, आणि 1964 मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, तेव्हा तो वाद शमला. इझिकेल तेथे पुन्हा यहेज्केल झाला. पण त्याच देशात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, आणि दिवेकर, केहीमकर यांसारखी ‘कर’ लावणारी आडनावे तेथील दारांवर वाचावयास मिळतात.

एकाच नावाचे हे तीन अवतार. त्यांपैकी खरे कोणते, असा प्रश्न सहज मनात येतो. आमच्या मते तिन्ही खरी, पण त्यांत भेद आहे. ‘इझिकेल’ हे शाळेच्या व कचेरीच्या वहीतून आले आणि ‘यहेज्केल’ हे ग्रंथातून परत आले. ‘हसाजी’ मात्र शेजाऱ्यांच्या हाकेतून घडले. ज्या मुलखात शतकानुशतके घाणा फिरविला, त्या मुलखाचे ते देणे. ते नाव आता कोणी ठेवीत नाही, आणि एक मराठी शब्द म्हणून त्याची हानी आम्हांला जाणवते.

1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरास पूर्ण झाला. त्या मार्गाने आलेल्या आम्हां लोकांच्या घरीही नावे बदलत आहेत. मुलांची नावे येथील शेजाऱ्यांना सोपी वाटतील अशी आम्ही ठेवतो, त्यात गैर काही नाही. हसाजीच्या आईबापांनी तेच केले. परंतु नाव कसेही फिरविले तरी काय सोडावयाचे नाही, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. तेवढे आपणही ठरवावे. आणि मुलाला त्याच्या नावाचा अर्थ व आजा-पणजांची नावे एकदा तरी सांगून ठेवावी.