मुखत्यारनामा आणि हिशेब

लोकांच्या नांवानें काम करणाऱ्या संस्थेनें जाब कोणास द्यावा, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. पुण्याच्या पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं लोकांत असंतोष माजला, आणि त्यांतूनच २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा जन्मास आली. आपल्या या लोकसंस्थेचें मूळच असें हिशेबाच्या मागणींत आहे. परंतु दुसऱ्यास जाब विचारणाऱ्यानें आपला अधिकार कोठून आला हें आधीं दाखविलें पाहिजे. सभेचे पहिले ९५ सभासद सुमारें ६,००० लोकांचे मुखत्यारनामे घेऊन बसले, तें याचसाठीं.

पुढें कायद्याचें बळ आलें. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें जमाखर्च ठेवणें व तो दरसाल तपासून घेणें विश्वस्तांवर बंधनकारक केलें, आणि देखरेखीस धर्मादाय आयुक्त नेमले. मुख्यत्वें सरकारी पैशावर चालणाऱ्या खाजगी संस्थांनाहि २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू पडतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिला. हा लाभ लहान नव्हे. तथापि एक गोष्ट हातची निसटली, असें आम्हांस वाटतें. सभेस अधिकार देणारे आणि तिच्या कामाचे धनी एकच होते. आज पैसा देणारा एक व ज्याच्यासाठीं तो खर्चावयाचा तो दुसरा. आणि हिशेब जातो तो पहिल्याकडे.

ही फारकत पहावयाची तर नंदुरबारकडे पहावें. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या खानेसुमारींत येथें शेंकडा ६९ लोक आदिवासी होते. सातपुड्यांतील पाड्याच्या नांवानें आलेल्या पैशाचा ताळेबंद दूर शहरांत वाचला जातो. पाड्यावर मात्र बोली भिलीची किंवा पावरीची. तपासनीस पावती पाहतो; विहिरीस पाणी लागलें कीं नाहीं, तें पाड्यासच ठाऊक.

यास उपायहि याच मातींत आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामपंचायतीस, खर्चिलेल्या निधीबद्दल ग्रामसभेचें प्रमाणपत्र घेणें भाग पाडलें. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदें व नवापूर हे सबंध तालुके त्या क्षेत्रांत मोडतात. जें बंधन पंचायतीस, तें सेवाभावी संस्थांनीं आपण होऊन कां स्वीकारूं नये? वर्षांतून एकदां ग्रामसभेपुढें, लोकांच्या बोलींत, किती आले, कोणाकडून आले, पगारावर किती गेले व काम किती झालें, एवढें वाचून दाखवावें.

अशिक्षितांस हिशेब काय कळणार, असें कोणी म्हणेल. त्यानें शहाद्याचा इतिहास आठवावा. १९७२ सालीं तेथें अंबरसिंग सुरतवंती आदि कार्यकर्त्यांसह श्रमिक संघटना उभी राहिली, ती आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनीचा व बुडालेल्या मजुरीचा हिशेब मागतच. ज्यांनीं सावकारास व जमीनदारास जाब विचारला, त्यांस आपल्या हितचिंतकांचा जमाखर्च कळणार नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. परोपकार झाला तरी तो मुखत्यारनाम्यावांचून करावयाचा नसतो. आणि हा मुखत्यारनामा दरसाल नवा करून घ्यावा लागतो.