सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ : वर्षवार नोंदींचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महाविद्यालयीन क्रीडासंघाचा इतिहास बहुधा वर्षवार तक्त्यात जतन केला जातो. हंगाम, प्रशिक्षक, विजय, पराभव आणि स्पर्धेतील स्थान यापलीकडे त्यात फारसे काही नसते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही १८५५ मध्ये स्थापन झालेली जेझुइट शिक्षणसंस्था. ‘डॉन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या बास्केटबॉल संघाच्या तक्त्यात १९८२ ते १९८५ या काळातील तीन हंगाम रिकामे आहेत. या रिकाम्या जागेचा अर्थ आधीच्या व नंतरच्या नोंदींच्या आधारे समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उदय आणि वैभवकाळ :
१९४९ मध्ये पीट न्यूएल यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा जिंकली. १९५० मध्ये फिल वूलपर्ट प्रशिक्षक झाले. त्या काळी विद्यापीठाकडे सामन्यांसाठी स्वतःचे बंदिस्त क्रीडागृहही नव्हते. अशा परिस्थितीत १९५४-५५ च्या हंगामात संघाने २८ सामने जिंकले व केवळ एक गमावला. अंतिम सामन्यात ला सालचा ७७-६३ असा पराभव करून संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

या यशाला सामाजिक संदर्भही होता. बिल रसेल, के. सी. जोन्स आणि हॅल पेरी हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू वूलपर्ट यांच्या प्रमुख पाच खेळाडूंत होते. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत त्या काळी ही गोष्ट अपवादात्मक होती. डिसेंबर १९५४ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथे या खेळाडूंना हॉटेलमध्ये प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा संपूर्ण संघ एका वसतिगृहात एकत्र राहिला. विजयाच्या आकड्यांत ही घटना कोठेही दिसत नाही.

१९५५-५६ मध्ये संघ २९ सामने खेळून अपराजित राहिला. पात्रतेच्या नियमामुळे जोन्स यांना राष्ट्रीय स्पर्धेत खेळता आले नाही, तरीही अंतिम सामन्यात आयोवाचा ८३-७१ असा पराभव झाला. सलग ६० विजयांची ही मालिका डिसेंबर १९५६ मध्ये इलिनॉयने खंडित केली. रसेल व जोन्स यांनी त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले.

यशाची किंमत :
१९५८ मध्ये विद्यापीठाचे स्वतःचे क्रीडागृह उभे राहिले. १९६४ व १९६५ मध्ये विभागीय अंतिम फेरीत संघ यूसीएलएकडून पराभूत झाला. १९७६-७७ मध्ये बिल कार्टराइट यांच्या संघाने पहिले २९ सामने जिंकून देशात अग्रक्रम मिळविला. मात्र त्यानंतरचे दोन्ही सामने गमावल्याने त्याला राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीतून परतावे लागले.

पुढील काळात नियमभंगाबद्दल महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने विद्यापीठावर दोनदा कारवाई केली. त्यानंतरही एका खेळाडूला काम न करता वेतन मिळाल्याचे उघडकीस आले. अखेर जुलै १९८२ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जॉन लो स्कियाव्हो यांनी संघ बंद केल्याची घोषणा केली. दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविणाऱ्या संस्थेने बाहेरून सक्ती नसताना असा निर्णय घ्यावा, ही असामान्य गोष्ट होती. या निर्णयाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. ज्यांचा दोष नव्हता अशा खेळाडूंपुढे अन्यत्र प्रवेश घेणे किंवा संघाविना शिक्षण पूर्ण करणे एवढेच पर्याय उरले. संस्थेची प्रतिष्ठा जपताना त्याची झळ विद्यार्थ्यांनाही सोसावी लागली.

पुनरारंभ :
१९८५-८६ मध्ये माजी खेळाडू जिम ब्रोव्हेली यांच्या मार्गदर्शनाखाली संघ पुन्हा मैदानात उतरला. त्यानंतर १९९८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि पुढील प्रवेशासाठी २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. दोन्ही वेळा संघ पहिल्याच सामन्यात पराभूत झाला.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, १९५५ व १९५६ च्या नोंदी संघाचे सामर्थ्य सांगतात, तर १९८२ नंतरच्या तीन रिकाम्या ओळी संस्थेने स्वतःला घातलेली मर्यादा सांगतात. संघ महाविद्यालयासाठी असतो, महाविद्यालय संघासाठी नव्हे, हे तत्त्व तेथे विजेतेपदाच्या आशेपेक्षा श्रेष्ठ मानले गेले. म्हणूनच क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाने तक्त्यातील भरलेल्या रकान्यांइतकेच रिकामे रकानेही काळजीपूर्वक वाचले पाहिजेत.