इंजिन तापतंय? आधी कूलंट कुठे जातंय ते शोधा

कोड डीबग करताना मी आधी विचारतो: बिघाड नेमका कधी दिसतो? गाडीच्या बाबतीतही तसंच करा.

फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले तपासा. हायवेवर किंवा घाटात तापत असेल, तर कूलंट कमी असणं, थर्मोस्टॅट अडकणं किंवा रेडिएटर चोंदणं ही नेहमीची कारणं.

कूलंटची पातळी इंजिन पूर्ण थंड असताना बघा. ती टाकीवरच्या मिन आणि मॅक्स खुणांच्या मध्ये हवी. सारखी कमी होत असेल तर:

- गाडीखाली रंगीत ओल: होज, रेडिएटर किंवा वॉटर पंप.
- पायाखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास: हीटर कोअर.
- सतत पांढरा धूर, दुधाळ इंजिन ऑइल: हेड गॅस्केटचा संशय. गाडी चालवू नका, टो करून न्या.

मी फोनवर ओबीडी अ‍ॅप वापरतो. त्यात साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअस नॉर्मल समजा. पण फक्त आकड्यावर विसंबू नका. कूलंट संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापमान कमीही दाखवू शकतो. हीटर चालू असून अचानक गार हवा आली, तर लगेच बाजूला थांबा, इंजिन बंद करा. गरम असताना कॅप उघडू नका. दाबाखालचं कूलंट उसळून अंगावर येतं.