अनाथाच्या निर्वाहाचा हिशेब : बडोदे, १८७५ पासून आजवर

बडोदे शहराच्या अर्वाचीन इतिहासाचा प्रारंभ परक्या घरी वाढलेल्या एका मुलापासून होतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंच्या ओटीत दत्तक म्हणून घातला गेला. तो त्या वेळी बारा वर्षांचा होता. पुढे तोच सयाजीराव महाराज म्हणून कीर्तीस चढला. त्याच्या अन्नवस्त्राचा व शिक्षणाचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न कोणासही पडला नाही, कारण संस्थानचा खजिना त्याच्या पाठीशी उभा होता. त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्याच संस्थानात असंख्य मुले निराधार झाली आणि तेव्हा मात्र पहिला प्रश्न तोच उभा राहिला. मुलाला घेईल कोण, हे पुढचे. त्याला पोसण्याचे पैसे कोठून येतील, हे आधीचे.

विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा तो दुष्काळ. गुजरातेत आजही त्यास ‘छप्पनियो’ म्हणतात. बडोदा संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २४ लाखांच्या वर होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. या आकड्यांमागे किती घरे बसली असतील याची कल्पना करावी. मेथडिस्ट मिशनने बडोदे व नडियाद येथे मुलांना आश्रय दिला. आयरिश प्रेस्बिटेरियन मिशननेही गुजरातेत अनाथालये चालविली. पंडिता रमाबाईंनी आपली माणसे गुजरातेत पाठवून मुली केडगावला आणविल्या आणि ‘मुक्ती’तील संख्या दीड हजारांवर गेली. म्हणजे गुजराती आईबापांच्या लेकी मराठी मुलखात, मराठी प्रार्थना म्हणत मोठ्या झाल्या. आमच्या मंडळीच्या इतिहासातील हा धागा आपण फारसा उलगडून पाहत नाही.

या सर्वांच्या निर्वाहाचा पैसा बहुतांशी समुद्रापलीकडून आला. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने, लुई क्लॉप्श संपादक असताना, हिंदुस्थानातील दुष्काळग्रस्त अनाथांसाठी आपल्या वाचकांना आवाहन केले. एका मुलामागे वर्षाला १५ डॉलर असा तो हिशेब होता. तेव्हा एका पौंडास १५ रुपये पडत. त्या दराने ही रक्कम वर्षाला सुमारे ४६ रुपये, म्हणजे महिन्याला चार रुपयांच्या आतच होते. दात्याने एक मूल आपले मानावे, त्याच्या नावे पैसे पाठवावेत आणि मिशनऱ्याने त्याची खबर कळवावी, अशी ती रीत होती.

हे चार रुपये कोणाच्या हाती पडत, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते अनाथालयाच्या व्यवस्थापकाच्या हाती पडत, कारण पावती लिहिणारा, हिशेब ठेवणारा आणि इंग्रजी पत्र धाडणारा तोच होता. खेड्यातील मावशीला किंवा चुलत्याला ते करता येणारे नव्हते. शिवाय त्या वर्षी मावशीचे घरही उपाशीच होते. म्हणून त्या वेळच्या सेवकांना दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्यांनी जे केले नसते तर ती मुले जगलीच नसती. परंतु दुष्काळ सरला, पाऊस पडला, नातलग सावरले आणि व्यवस्था मात्र तीच राहिली. पैसा संस्थेच्या दारी येत होता, म्हणून मूलही संस्थेच्या दारी येत राहिले. अनाथालयांची पुढे वसतिगृहे झाली, आणि आईबापांपैकी एक हयात असलेली, आजी असलेली, काका असलेली मुलेही केवळ दारिद्र्यामुळे तेथे दाखल होऊ लागली.

शास्त्राकडे पाहिले तर निराळे चित्र दिसते. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात फारोची कन्या नदीतून काढलेल्या बाळाला पाजण्यासाठी एका स्त्रीस वेतन ठरवून देते, आणि ती स्त्री त्या बाळाची जन्मदात्री आईच असते. शास्त्रातील हे पोषणवेतन मुलाला त्याच्या स्वतःच्या घरी ठेवण्याकरिता दिले गेले, हे आपल्या प्रवचनांतून सहसा निसटते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन सांगतो की, रविवारी जमलेले दान अध्यक्षाकडे ठेवले जाई व त्यातून अनाथ आणि विधवा यांना साहाय्य मिळे. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिरियात संकलित झालेली ‘प्रेषितांची विधाने’ तर अधिक तपशिलात शिरतात. निपुत्रिक बंधूने अनाथ मुलास आपल्या घरी घ्यावे आणि बिशपने त्या तरुणाला कसब शिकण्यास व हत्यारे विकत घेण्यास मदत करावी, असे तेथे सांगितले आहे. मूल घरात आणि खर्चाचा काही भार पेटीवर, अशी ही वाटणी होती. (ओरिगेनला, त्याचे वडील हुतात्मा झाल्यावर, अलेक्झांड्रियातील एका धनवान बाईने घरी ठेवून घेतले. त्याच घरी एक पाखंडी पंडितही राहत असे. ओरिगेन तेथे जेवी, परंतु त्या पंडिताबरोबर प्रार्थनेस बसत नसे, असे युसेबियस नमूद करतो. पोशिंद्याच्या घरी राहूनही मुलाने आपले मत राखल्याचे हे उदाहरण आम्हांस मोठे गोड वाटते.)

पैसे घेऊन मूल सांभाळणे म्हणजे प्रेमाचा बाजार, असा आक्षेप आमचे काही बंधू घेतात. त्यांस इंग्लंडच्या इतिहासाकडे बोट दाखवावेसे वाटते. तेथे काही बायका एकरकमी पैसे घेऊन तान्ही मुले सांभाळण्यास घेत आणि मूल मेले तर रक्कम त्यांचीच राही. १८७० मध्ये मार्गारेट वॉटर्स हिला अशाच प्रकरणात फाशी झाली. त्याच वर्षी गरिबांच्या कायद्याखाली अनाथ मुले कुटुंबांत ठेवण्याचा जो हुकूम निघाला, त्यात मात्र आठवड्याला चार शिलिंगांपर्यंत निर्वाहखर्च आणि मुलावर स्थानिक समितीची देखरेख अशी सोय होती. दोन्ही ठिकाणी पैसाच होता. एका ठिकाणी तो मूल लवकर मरण्यात लाभ ठेवीत होता, दुसऱ्या ठिकाणी मूल जगत राहण्यात.

आता आमच्याच एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही बडोद्याजवळच्या एका धर्मग्रामात असताना एक वृद्ध आजी दोन नातवंडांना घेऊन आमच्याकडे आली. मुलगा वारला होता, सुनेने दुसरे लग्न केले होते. आम्ही तत्परतेने मुलांची दूरच्या वसतिगृहात व्यवस्था लावली आणि एका दात्याकडून दरमहा त्यांचे शुल्क भरू लागलो. निरोप घेताना आजी म्हणाली, “फादर, तिकडे भरता तेवढेच मला दिले असते, तर पोरं माझ्यापाशी राहिली असती.” दात्याचा तसा नियम नाही, असे उत्तर आम्ही दिले. ते खरे होते. परंतु गुजरात सरकारची ‘पालक माता-पिता योजना’ अशाच मुलांसाठी आहे, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते.

आईवडील दोघेही वारलेल्या, अथवा वडील वारून आईने पुनर्विवाह केलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला जो नातलग सांभाळतो, त्याला या योजनेत दरमहा ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. मूल शाळेत जात असल्याचा दाखला द्यावा लागतो. योजनेसाठी उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ ग्रामीण भागात वर्षाला २७,००० व शहरात ३६,००० रुपये अशी होती. म्हणजे शहरातील पात्र घराच्या संपूर्ण वर्षाच्या मिळकतीइतकी रक्कम एका मुलामागे येणार! अशा घरात तो पैसा फक्त मुलाच्याच ताटात पडेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. तो चुलीत जातो आणि चूल सर्वांची असते. आमच्या मते त्यात गैर काही नाही. मूल शाळेत आहे काय व अंगाने भरते आहे काय, एवढे पाहावे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेची रक्कम पूर्वी ४२५ रुपये होती, नंतर १,१०० झाली व २०२३ मध्ये २,२५० झाली. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ने २०२२ मध्ये दरमहा ४,००० रुपये ठरविले.

नात्याबाहेरच्या कुटुंबाने मूल सांभाळावयाचे असल्यास मार्ग वेगळा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ नुसार बालकल्याण समिती कुटुंबाची क्षमता पाहून मूल सोपविते, आणि निर्वाहाची मासिक रक्कम राज्याने जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत द्यावयाची असते. शिक्षण, आरोग्य व आहार यांची जबाबदारी कुटुंबाची. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अविवाहित व्यक्तींनाही ही वाट खुली केली आणि दोन वर्षे सांभाळल्यावर दत्तकाचा विचार करता येईल असे ठरविले. पूर्वी त्यास पाच वर्षे लागत. आपल्या लोकांस याचे महत्त्व विशेष आहे, कारण १८९० च्या कायद्याखाली ख्रिस्ती दांपत्यास बराच काळ केवळ पालकत्व मिळे, दत्तक नव्हे.

तथापि घेणाऱ्याने हिशेब नीट समजून घ्यावा. रक्कम पगार नव्हे. ती उशिराही येते. पहिल्या महिन्यांचा गणवेश, अंथरूण, दवाखाना आपल्याच खिशातून करावा लागतो. आणि अठराव्या वर्षी ती थांबते. त्याच कायद्याचे कलम ४६ अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य देऊ करते. आजीच्या घरी वाढलेल्या मुलाचा त्यात उल्लेख नाही. छप्पनियातली जुनी खोड येथे अजून टिकून आहे. हत्यारे घेऊन देणारा तो सिरियन बिशप येथे हवा होता.

पुढील उन्हाळ्यात आम्ही त्या आजीचा अर्ज भरावयास बसलो. मुलाच्या मृत्यूचा दाखला तिच्या पेटीत होता. अडले ते सुनेच्या पुनर्विवाहाच्या पुराव्यावर. सून दूर गेलेली, पत्ता नाही, आणि आजीला तिचे नाव घेणेही नकोसे. दोन आठवडे आम्ही इकडेतिकडे विचारीत फिरलो. शेवटी आमच्या धर्मशिक्षकांनी सहज विचारले, “फादर, ते लग्न आपल्याच देवळात लागले होते ना?” १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आपण जी नोंदवही ठेवतो, तीत ती नोंद होती, आणि ती वही आमच्याच कपाटात होती.