मिनिस्ट्री ऑफ फिअर

दुसऱ्या महायुद्धकाळातील एक अभिजात अमेरिकन हेरपट. हेरांनी पाठलाग केलेल्या एका फरारी इसमाची ही कथा पॅरामाउंट या चित्रसंस्थेने १९४४ मध्ये पडद्यावर आणली. दिग्दर्शन फ्रिट्झ लांग (१८९०–१९७६) याचे असून निर्मिती व पटकथा या दोन्ही बाजू सीटन मिलर याने सांभाळल्या. छायालेखन हेन्री शार्प याचे, तर संगीत व्हिक्टर यंग याचे आहे. रे मिलंड, मार्जरी रेनल्ड्‌स, कार्ल एस्मंड व डॅन ड्युरिया यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

चित्रपटाचा आधार ग्रेअम ग्रीन या इंग्रज कादंबरीकाराची याच नावाची कादंबरी (१९४३) हा होय. ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याच्या कामानिमित्त पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन येथे असताना ग्रीनने ती लिहिली. आपल्या गंभीर कादंबऱ्यांपासून वेगळ्या काढलेल्या ज्या कथांना तो ‘मनोरंजने’ म्हणत असे, त्यांत तिचा समावेश होतो. तथापि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मनोरंजनाचा नाही. असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या पत्नीला दयेपोटी विष देणारा नायक स्वतःला खुनी समजतो; दया हीच त्याच्या दृष्टीने एक भयंकर गोष्ट होऊन बसली आहे. पुढे बाँबस्फोटात त्याची स्मृती जाते आणि अपराधाच्या विस्मरणामुळे काही काळ तो सुखी होतो.

चित्रपटात हा सर्व भाग गाळण्यात आला. स्टीव्हन नील हा त्यातील नायक विष आणतो; परंतु ते देण्याचे धैर्य त्याला होत नाही व पत्नी स्वतःच ते घेते. नायकाचे पातक अशा रीतीने सौम्य झाल्याने कथेचा नैतिक गाभा पातळ झाला, हे मान्य करावे लागते. तत्कालीन हॉलिवुडच्या आचारसंहितेत दयामरणासारख्या विषयाला फारसा वाव नव्हता, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

मनोरुग्णालयाच्या अंधाऱ्या खोलीत घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या नीलच्या दर्शनाने चित्रपटाची सुरुवात होते. दोन वर्षांची स्थानबद्धता संपवून तो लंडनला निघाला आहे. पुन्हा पोलिसांशी संबंध येऊ देऊ नये, असा इशारा त्याला निघताना मिळतो. गाडीला अवकाश असल्याने तो जवळच्या धर्मादाय जत्रेत शिरतो. तेथील ज्योतिषीण त्याला भलताच माणूस समजून केकचे अचूक वजन सांगते आणि तो केक जिंकतो. युद्धकाळातील ब्रिटनमध्ये केक ही साधी वस्तू नव्हती. लोणी व साखर यांवर जानेवारी १९४० पासून नियंत्रण होते. त्यामुळे केकच्या मोहात कोणालाही वावगे वाटू नये, पण त्यापायी माणसे जिवावर उठावीत याचा अर्थ मात्र लागू नये, असा हा प्रारंभ आहे. आगगाडीत एक आंधळा प्रवासी नीलने दिलेला केकचा तुकडा बोटांनी कुस्करून पाहत राहतो. हवाई हल्ल्यामुळे गाडी थांबताच तो नीलला काठीने झोडपून केक पळवितो आणि माळरानावर बाँबला बळी पडतो. या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीत. कुस्करणारी बोटे व दूरवरून येणारी विमानांची घरघर एवढ्यावरच तो उभा आहे.

पुढील घटना लंडनमध्ये घडतात. जत्रा भरविणाऱ्या संस्थेच्या कचेरीत नीलची गाठ व्हिली व कार्ला हिल्फे या ऑस्ट्रियन निर्वासित भावंडांशी पडते. एका प्रेतावाहनाच्या बैठकीत अंधारात गोळी सुटते, एक माणूस कोसळतो आणि खुनाचा आळ नीलवर येतो. आता त्याच्या मागे हेर आहेत आणि पोलीसही. आपली हकीकत सांगावी, तर ती वेड्याची बडबड ठरण्याची भीती आहे. कार्लासह तो भुयारी रेल्वेच्या निवाऱ्यात रात्र काढतो. पोहोचविण्यासाठी दिलेल्या पुस्तकांच्या पेटीत बाँब निघतो. त्यातून बचावलेला नील पोलिसांच्या हाती लागतो. उद्ध्वस्त जागी शोध घेतल्यावर केकमध्ये दडविलेली सूक्ष्मफीत पक्ष्याच्या घरट्यात सापडते. ‘मेलेला’ माणूस शिंप्याच्या रूपाने पुन्हा अवतरतो व दुकानातील भल्यामोठ्या कात्रीच्या टोकाने दूरध्वनीची तबकडी फिरवितो. थोड्याच वेळात त्याच कात्रीने तो आपले जीवन संपवितो. ड्युरियाच्या वाट्याला मोजकीच दृश्ये आली असली, तरी नायकापेक्षा तोच अधिक लक्षात राहतो. अखेरीस हेरांचा सूत्रधार व्हिली हाच असल्याचे उघड होते. अंधाऱ्या खोलीचे दार बंद करून पळणाऱ्या या भावावर कार्ला गोळी झाडते. तो पडताना दिसत नाही, फक्त दाराला पडलेल्या छिद्रातून प्रकाशाचा एक ठिपका दिसतो.

या कथेमागील भय काल्पनिक नव्हते. ७ सप्टेंबर १९४० पासून मे १९४१ पर्यंत चाललेल्या जर्मन हवाई हल्ल्यांत ब्रिटनमधील चाळीस हजारांहून अधिक नागरिक ठार झाले आणि लंडनमधील हजारो लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर आश्रय घेऊ लागले. नेदर्लंड्‌स व फ्रान्स यांच्या झटपट पराभवास घरभेदे कारणीभूत झाले, असा समज पसरल्याने ‘पाचवा स्तंभ’ ही संज्ञा घरोघर पोहोचली. त्याचा फटका निर्वासितांना बसला. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनने सु. २७,००० जर्मन, ऑस्ट्रियन व इटालियन रहिवाशांना स्थानबद्ध केले. त्यांत हिटलरच्या छळातून निसटलेले ज्यू मोठ्या संख्येने होते. अशा काही स्थानबद्धांना कॅनडात नेणारी आरंडोरा स्टार ही बोट २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने बुडविली व तीवरील आठशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये उतरलेले बहुतेक सर्व जर्मन हेर पकडले गेले होते व त्यांपैकी अनेकांना ब्रिटिशांनी आपल्याच कामाला जुंपले होते. हे गुपित जॉन मास्टरमन याच्या पुस्तकाने १९७२ मध्ये जगापुढे आणले.

या पार्श्वभूमीवर हिल्फे भावंडांचे चित्रण विचार करावयास लावते. निर्वासितांचे हित पाहणाऱ्या संस्थेत निर्वासितच हेर निघावा, ही कल्पना १९४० च्या संशयाला दुजोरा देणारी आहे. पण त्याच घरातील कार्ला सख्ख्या भावाविरुद्ध उभी राहते, त्यामुळे संशयाचा निवाडा जन्मभूमीवरून करता येत नाही. हे रंगविणारा लांग व व्हिलीची भूमिका करणारा एस्मंड हे दोघेही व्हिएन्नात जन्मलेले आणि परागंदा झालेले होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

लांगच्या टेस्टामेंट ऑफ डॉक्टर माबुझे या चित्रपटावर नाझी राजवटीने १९३३ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी त्याने जर्मनी सोडली व पॅरिसमार्गे १९३४ मध्ये तो अमेरिकेत गेला. गोबेल्सच्या भेटीनंतर आपण रातोरात पळालो, ही त्याने रंगवून सांगितलेली हकीकत त्याच्या पारपत्रावरील नोंदींशी जुळत नाही. त्याची पत्नी व पटकथालेखिका टेआ फोन हार्बो जर्मनीतच राहिली. घटस्फोटानंतर तिने बर्लिनमधील मराठी पत्रकार अयी गणपत तेंडुलकर यांच्याशी विवाह केला. अमेरिकेत लांगने मॅन हंट (१९४१), हँगमेन ऑल्सो डाय (१९४३), प्रस्तुत चित्रपट व क्लोक अँड डॅगर (१९४६) असे चार नाझीविरोधी चित्रपट काढले. त्यांतील अदृश्य कारस्थान, फसवी ओळख व घड्याळाचा धाक ही सूत्रे मात्र श्पिओन (१९२८) या त्याच्या मूकपटापासूनची आहेत. प्रस्तुत चित्रपटातील लंडन हॉलिवुडच्या चित्रनगरीत उभारलेले आहे आणि ते अस्सल वाटत नाही. त्यातील रिकामे रस्ते, नेमकी काटछाट केलेले प्रकाशाचे झोत व निर्विकार दारे यांमुळे ते दुःस्वप्नातील शहर भासते; कथेला तेच मानवते.

ग्रीनला हा चित्रपट आवडला नाही. लांगही समाधानी नव्हता. कादंबरी आवडल्याने त्याने करार केला. परंतु पटकथेत बदल करण्याचा अधिकार करारात नव्हता आणि मिलर हाच निर्माता असल्याने त्याचे काही चालले नाही. पुढे पीटर बग्दानोविच याला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितले, की दूरचित्रवाणीवर काटछाट करून दाखविलेला हा चित्रपट पाहता पाहता आपल्याला झोप लागली.