गुडघ्यातल्या दुर्बिणीची कुळकथा

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतकडच्या खाचरात लावणी चालू असते. पाय चिखलात रुतलेला राहतो, अंग मात्र वळतं आणि गुडघ्यात ‘टक्’ होतं. काही तासांत गुडघा टम्म फुगतो. सूज उतरते, पण पुढे उतारावर गुडघा दगा देऊ लागतो. मग शहरातले डॉक्टर सांगतात, ‘लिगामेंट फाटलंय, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल.’

ही दुर्बीण गुडघ्यात आली कुठून? तिचं मूळ धुंडाळताना मी थेट जपानात पोहोचलो, आणि तेही जमिनीवर मांडी ठोकून बसणाऱ्यांच्या घरात.

लिगामेंट म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारी पट्टी; तिच्या ऑपरेशनचा इतिहास दुर्बिणीहून जुना. 1895 साली इंग्लंडात लीड्सला मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराची तुटलेली लिगामेंटं कॅटगटच्या दोऱ्याने शिवली. पण सांध्यातल्या वंगणात रक्ताची गाठ धरत नाही, त्यामुळे मधलं लिगामेंट तुटलं की त्याची टोकं सहसा आपणहून जुळत नाहीत. 1917 मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी हाडांना भोकं पाडून मांडीवरच्या जाड पडद्याची पट्टी त्यांतून ओवली. आजची युक्ती मुळात तीच. फक्त त्या काळी गुडघा उघडावा लागे.

आता 1918 चं टोकियो. डॉक्टर केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी उचलली आणि मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. हा उपद्व्याप कशासाठी? गुडघ्याच्या क्षयाने सांधा आखडून जाई. युरोपात ताठ पायाचा माणूस खुर्चीवर बसून निभावून नेतो. जपानात तेव्हा जेवण, पाहुण्यांची ऊठबस, शौच, सगळं गुडघे मुडपून. सांधा आखडला की माणूस घरातल्या घरात परका. म्हणून रोग लवकर दिसायला हवा होता.

गुडघ्यात पहिल्यांदा कोण डोकावलं, यावर वाद आहे. डेन्मार्कचे नॉर्डेनटॉफ्ट यांनी 1912 मध्येच बर्लिनच्या परिषदेत गुडघ्यात डोकावण्याची पद्धत मांडली होती. स्वित्झर्लंडचे बिर्शर 1921 मध्ये पोट तपासायची नळी घेऊन गुडघ्यात शिरले. सालं पाहिली तर पहिला मान नॉर्डेनटॉफ्ट यांचाच, तो मी नाकारत नाही. पण त्यांचा वंश पुढे चालला नाही. ताकागींचा चालला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी 1962 मध्ये दुर्बिणीतून गुडघ्यातली फाटलेली गादी काढली. 1964 मध्ये टोरांटोचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोत येऊन ही विद्या शिकले आणि पश्चिमेला घेऊन गेले. 1980 मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड डँडी यांनी लिगामेंटही दुर्बिणीतूनच बसवलं. हत्यार युरोपात आणि जपानात दोन्हीकडे होतं. रोजची नड जपानात होती, म्हणूनच तिथे ते टिकलं, असं माझं ठाम मत आहे.

आज अर्ध्या इंचाहून लहान छेदांतून काम होतं. आत सलाईनचं पाणी सोडून सांधा फुगवतात, पडद्यावर आतलं दिसतं. मांडीमागची कंडरा काढून, दुमडून, सुमारे 8 मिलिमीटर जाडीची करतात आणि हाडांतल्या बोगद्यांतून ओढून पक्की करतात. ती मुरायला बरेच महिने लागतात. डिसेंबर 2022 च्या अपघातानंतर क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याची लिगामेंटं जानेवारी 2023 मध्ये मुंबईत दुरुस्त झाली. मैदानात तो मार्च 2024 मध्ये उतरला.

जव्हार-मोखाड्याच्या वाचकांना माझी विनंती आहे. सुजलेला गुडघा कुणाकडून ओढून-चोळून घेऊ नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन ठरलंच तर आधी त्यांना स्पष्ट सांगा: आमची चूल जमिनीवर आहे, शेत उतारावर आहे, शौचाला उकिडवं बसावं लागतं. उकिडवं कधी बसता येईल आणि त्यासाठी कोणता व्यायाम करायचा, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.